तुवेरा ते ओनाकी, दोनशे एकतीस किलोमीटर

भुसावळ
२२ मार्च २०२६

चि. सौ. मेघा हिस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकली असशील. हल्ली पत्रं फक्त बँकेची येतात. पण तुझा हा मामेसासरा सहा वर्षांपासून ठार बहिरा आहे. रेल्वे यार्डाच्या भिंतीला लागून राहतो आणि इंजिनाची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. फोनवर तू बोलणार आणि मी आपला 'हो हो' म्हणणार, त्यापेक्षा हे बरं.

गेल्या आठवड्यात सोनगीरला पमीकडे, तुझ्या सासूकडे, जाऊन आलो. माझी बहीण जेवते, बोलते, गाईला चारा घालते. रडत नाही. तिचं एकच म्हणणं आहे: जितू पोचला, कंपनी खोटं बोलते. कंपनीचं पत्र सांगतं की पाच मार्चला विमान तुवेरा बेटावरून उडालं आणि ओनाकी बेटावर उतरलंच नाही, सात माणसांसकट. शोध थांबवला. पमी म्हणते, मग सुनेचा, म्हणजे तुझा, सहा-पाचला फोन कसा आला? पहाटे पाच-दहाला 'निघाले', सहा-पाचला 'पोचले'. तेव्हाच तिने घर झाडलं. माणूस वाटेवर असताना घरात झाडू फिरवायचा नाही, हे आपल्याकडचं आहेच. पमीने ते विमानालाही लावलं.

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर गुरुवारच्या दोन्ही वेळा लिहून ठेवल्यात. त्या मी उतरवून आणल्या. पस्तीस वर्षं रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात बसून गाड्यांचे तक्ते काढले, हात स्वस्थ बसत नाही. तक्त्यावर आडवी वेळ, उभं अंतर, आणि गाडी म्हणजे त्यातली एक तिरपी रेघ. जोरात धावली तर रेघ उभी, रेंगाळली तर आडवी.

नातवाने इंटरनेटवरून एक कागद छापून दिलाय. 'तुवेरा विमानतळ ते ओनाकी विमानतळ: अंतर २३१ किलोमीटर, प्रवासाला ४८ मिनिटे.' खाली लिहिलंय, जवळचं रेल्वे स्टेशन उपलब्ध नाही. हे वाचून मला हसू आलं आणि मग आलं नाही. मध्ये एकही स्टेशन नाही, सिग्नल नाही, गेटमन नाही. दोनशे एकतीस किलोमीटर नुसतं पाणी. माणूस तिथे हरवला तर कुणाला विचारायचं?

पमीने लिहिलेल्या वेळा बरोबर आहेत का, एवढं कळव. फेब्रुवारी पाच: सहा-सात. बारा: सहा-नऊ. एकोणीस: सहा-एकवीस. सव्वीस: दहा-एकवीस. मार्च पाच: सहा-पाच. निघण्याची वेळ प्रत्येक वेळी पाच-दहा.

तुझा,
रतिलाल (नाना)


जळगाव
२६ मार्च २०२६

ती. नानांस,
सा. नमस्कार.

पत्र मिळालं. पाकिटावरचं 'सौ.' मी दोनदा वाचलं. हल्ली लोक माझं नाव लिहिताना तिथे अडखळतात. डाळमिलच्या ऑफिसात परवा एकाने नुसतं 'मेघाताई' लिहून सुटका करून घेतली. तुम्ही सरळ लिहिलंत, बरं वाटलं.

वेळा बरोबर असाव्यात. मला आता नीट आठवत नाही.

आईंचा फोन साधा बटणांचा. म्हणून जितेंद्र मला मेसेज करायचे, 'निघालो', 'पोचलो', आणि मी सोनगीरला फोन लावायची. दोन्ही बेटांवर धावपट्टीचे दिवे आणि जनरेटर सांभाळायचं त्यांचं काम. गुरुवारी विमानाने तुवेराहून ओनाकीला, शनिवारी सामानाच्या बोटीने परत. ते म्हणायचे, चढताना एक बेट दिसतं, उतरताना दुसरं, मधली चाळीस मिनिटं खाली काहीच नसतं. एकदा म्हणाले, मध्यावर आलो की विमान पुढे जातंय असं वाटतच नाही, टांगून ठेवल्यासारखं वाटतं. मी त्यांची चेष्टा केली होती. आता ते वाक्य डोक्यातून जात नाही.

त्यांची बॅग कंपनीने इथे जळगावला पाठवलीय. मी सील तोडलेलं नाही. पलंगाखाली आहे.

दुसरीच काळजी सांगते. आखाजी जवळ आली, गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरायची अक्षय्यतृतीया. भटूआबा (सासऱ्यांचे चुलतभाऊ, तुम्ही ओळखता) सोनगीरला येऊन आईंना बोलले, "पहिली आखाजी शे. घागर भराले पाहिजे, नईतं पोऱ्या तहानेला ऱ्हाई." आईंनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. जित्या माणसाची घागर भरतात का, म्हणाल्या. नाना, जितेंद्र गेले असतील आणि आम्ही घागर भरली नाही, तर? आणि नसतील आणि भरली, तर? मला दोन्हीची भीती वाटते.

तुम्ही ते तक्ते नका काढू. आईंना त्यातलं काही सांगू नका.

तुमची,
मेघा


भुसावळ
१ एप्रिल २०२६

चि. सौ. मेघा हिस,
आशीर्वाद.

तारीख बघून हसू नकोस, मी चेष्टा करत नाहीये. तक्ते काढू नका म्हणालीस, पण तोवर काढून झाले होते.

जितूच सांगायचा, विमानाचा खरा वेळ पंचावन्न मिनिटं. तो कागद अठ्ठेचाळीस म्हणतो, पण कागदाला कुठे चाकं फिरवावी लागतात. तर, पंचावन्नच्या वर किती उशीर झाला ते मांडलं. पहिला गुरुवार, दोन मिनिटं. दुसरा, चार. तिसरा, सोळा. चौथा, दोनशे छप्पन्न.

दोनाचा वर्ग चार. चाराचा सोळा. सोळाचा दोनशे छप्पन्न.

मी पेन खाली ठेवलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. पस्तीस वर्षांत गाड्या उशिरा धावलेल्या पाहिल्या, पण उशीर कधी पाढे म्हणत येत नाही. तक्त्यावर चार रेघा आहेत. प्रत्येक आधीच्यापेक्षा आडवी, चौथी तर झोपलीच आहे. विमान तेच, अंतर तेच, मग मधलं पाणी दर आठवड्याला रुंद होत होतं का?

आणि पाचवी नोंद, उशीर शून्य. मेघा, ही नोंद खोटी आहे. मी कुणावर आळ घेत नाही, पण खोटी नोंद मला वासाने कळते. आमच्याकडे नियम होता: गाडीच्या शेवटच्या डब्याचा लाल दिवा आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय स्टेशनमास्तरने 'गाडी पोचली' असं मागच्या स्टेशनला कळवायचं नाही. मधेच डबे सुटून राहिले असतील आणि याने 'पोचली' म्हटलं, तर मागून दुसरी गाडी येऊन त्यांवर आदळते. दिवा पाहिला नाही तोवर गाडी वाटेवरच, मग तास जावो की दिवस.

पाच मार्चचा दिवा कुणी पाहिला?

पाचवी नोंद सोडून पुढचा वर्ग काढला. पासष्ट हजार पाचशे छत्तीस मिनिटं. त्यात पंचावन्न मिळवली. पाच मार्चला पाच-दहाला निघालेलं विमान या हिशेबाने एकोणीस एप्रिलला संध्याकाळी सहा एकवीसला ओनाकीला टेकतं. कॅलेंडर बघ. एकोणीस एप्रिलला आखाजी आहे.

मी तीनदा ताळा पाहिला.

नाना


जळगाव
५ एप्रिल २०२६

ती. नाना,

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं आणि तसंच मिटलं. त्याला तीन दिवस झाले. आता सगळं लिहिते. वाचून झालं की माझ्याशी बोलू नका, चालेल.

त्या वेळा विमानाच्या नाहीत. माझ्या आहेत.

जितेंद्रचा 'पोचलो' दर गुरुवारी सहा-पाचलाच यायचा. सोनगीरला फोन करायला उशीर व्हायचा तो माझा. पहिल्यांदा गॅसवर दूध होतं, दोन मिनिटं गेली. दुसऱ्यांदा फोन चार्जिंगला होता. तिसऱ्यांदा नळाला पाणी आलं, मी हंडे भरत बसले. चौथ्यांदा मिलमध्ये तपासणी होती, मी लवकर निघाले आणि विसरलेच. दहा-एकवीसला आठवलं. तुमचे वर्ग-बिर्ग काही नाही, नाना. माझा निष्काळजीपणा आहे तो, आठवड्याला वाढत गेलेला.

त्या चौथ्या दिवशी आई सव्वादहापर्यंत न झाडलेल्या घरात बसून होत्या. चूल पेटवली नाही, दारात पाहुणे आलेले. फोनवर मला खूप बोलल्या. "तुले मना आंडोरनी किंमत नई." त्यांच्या मुलाची मला किंमत नाही, हे माझ्या जिवाला लागलं. म्हणून पुढच्या गुरुवारी, पाच मार्चला, 'निघालो' आल्यापासून घड्याळ समोर ठेवून बसले. सहा-पाच वाजले. मेसेज आला नव्हता. मी म्हटलं, बेटावर रेंज नसेल, येईलच दोन मिनिटांत. आणि सोनगीरला फोन लावून सांगितलं, पोचले.

तो मेसेज अजून आलेला नाही.

माझ्या शब्दावर आईंनी झाडू हातात घेतला. ते वाटेवर असताना. त्यांना आत्ता असं वाटतंय की मुलगा कुठेतरी सुखरूप आहे, ते माझ्या खोटेपणाच्या आधारावर. घागर भरायला नाही म्हणतात, तेही त्याच आधारावर. मी सांगितलं तर त्यांच्या हातात काय राहील? नाही सांगितलं आणि ते खरंच गेले असतील, तर माझ्यामुळे तहानलेले राहतील.

मी काय करू?

मेघा


भुसावळ
९ एप्रिल २०२६

चि. सौ. मेघा,

आधी रागावलो. पत्र टेबलावर आपटलं, नातू बघायला आला. मग दोन दिवस गेले आणि राग तुझ्यावरून उतरून माझ्यावर आला.

पोरी, तू घाईने 'पोचले' म्हणालीस, कारण तुला तो पोचायला हवा होता. मी पाढे मांडले, कारण मलाही तेच हवं होतं. जितू सात वर्षांचा असताना त्याला कंट्रोल ऑफिसात नेला होता. तक्त्यावर बोट ठेवून विचारायचा, "मामा, ही गाडी आत्ता या क्षणाला कुठे आहे?" मी सांगायचो, आणि त्याला वाटायचं मामाला सगळं दिसतं. मला फार आवडायचं ते पोरगं. तो कुठे आहे हे मला माहीत नाही, हे माझ्याने मान्य होत नव्हतं. म्हणून तुझ्या दुधाच्या आणि हंड्यांच्या मिनिटांतून मी त्याचं विमान उडवलं. म्हातारचळ म्हण आणि विसर. तक्ता फाडून टाकला. सहा एकवीसचं कुणाजवळ बोलू नकोस, पमीजवळ तर नाहीच.

पण पाच मार्चचं तिला सांग. तुझ्या तोंडून. माझी बहीण आरडाओरडा करेल, करू दे. चुकीची नोंद दुरुस्त केल्याशिवाय पुढची गाडी सोडता येत नाही, आणि घागरीचं काय ते तिचं तिला ठरवू दे. आई आहे ती.

सोनगीरला जा. आखाजीपर्यंत तिच्याजवळ राहा.

नाना


सोनगीर
१४ एप्रिल २०२६

ती. नानांस,
सा. नमस्कार.

शनिवारी आले. त्याच दिवशी सांगितलं.

आई ओसरीवर गहू निवडत होत्या. सुपातला हात थांबला. "म्हंजे तुनी मेसेज देखाच नई?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. उठल्या, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि वर खुंटीला टांगला. म्हणाल्या, "मंग तो आजून वाटवरच शे."

तेव्हापासून घरात झाडू नाही. मला वाटलं होतं, खरं कळल्यावर आस सुटेल आणि त्या रडतील. उलटंच झालं. दाराकडे तोंड करून बसतात. कुणी आलं तर चप्पल बाहेर काढायला लावतात, आणि कुणी उंबऱ्याच्या मधोमध पाय ठेवला तर म्हणतात, बाजूने या, वाट मोकळी ठेवा.

हायवेची धूळ तुम्हाला माहीत आहे. ट्रक गेला की किल्ल्याकडून वारा सगळी घरात आणतो. तीन दिवसांत फरशीवर काळसर थर बसलाय. आमची पावलं त्यात उमटतात, दुसऱ्या दिवशी अर्धी बुजतात. मी रोज सकाळी ती बघते. का बघते, सांगता येत नाही. आईंची आणि माझीच असतात.

भटूआबा परत आले होते. नवी घागर आणि वरचं लहान मडकं स्वतः विकत आणून ओसरीवर ठेवून गेले. आईंनी ती पालथी घालून ठेवलीय. आखाजीला भरणार नाही म्हणतात.

सहा एकवीसचं मी त्यांना सांगितलेलं नाही. शपथ घेऊन लिहिते. पण मला स्वतःला ते विसरता येत नाही, नाना. तुम्ही लिहायलाच नको होतं.

मेघा


भुसावळ
१९ एप्रिल २०२६, संध्याकाळी सात

मेघा,

हे पत्र उद्याच पेटीत पडेल, पण आत्ताच लिहून ठेवतो. उद्या मला स्वतःलाच खोटं वाटेल.

तक्ता फाडला असं लिहिलं होतं. फाडला नव्हता. आज दुपारी आमरस-पोळी झाल्यावर बाहेर काढला आणि टेबलावर पसरून बसलो. सहा वाजले, सव्वासहा वाजले. कानाचं यंत्र काढून डबीत ठेवलेलं होतं, ते लावलं तरी फक्त खरखर येते.

मला विमान ऐकू आलं.

पंख्याचं, लहान विमान. आधी लांबून, मग डोक्यावरून, मग इंजिनाचा आवाज उतरताना जसा मंदावतो तसा मंदावला. चाकं टेकल्याचा आवाजसुद्धा ऐकला, रबर घासल्याचा. धावत अंगणात गेलो. आभाळ मोकळं होतं. शेजारचे इसाकभाई ओट्यावर होते, त्यांना लिहून विचारलं, विमान गेलं का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मालगाडी गेली, हाताने दाखवलं. ती मालगाडी मला ऐकू आली नव्हती.

सहा वर्षांत मी काहीही ऐकलेलं नाही. हे लिहिताना पुन्हा सगळं बंद आहे.

घड्याळात किती वाजले होते ते लिहीत नाही. तिकडे काय झालं, तेवढं कळव. मला भीती वाटतेय, पोरी.

नाना


सोनगीर
२० एप्रिल २०२६

ती. नानांस,
सा. नमस्कार.

तुमच्याकडून पत्र येईपर्यंत थांबणार होते, पण राहवत नाही.

काल सकाळी घागर भरली नाही. गावभर घराघरांत पितरांच्या नावाने निखाऱ्यावर आगारी पडली, पुरणाचा वास सुटला, आमची घागर पालथीच. भटूआबा दारातून बघून गेले. आई दिवसभर ओसरीवर. दुपारी जेवल्या नाहीत. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते आणि त्यांना दिसू नये म्हणून फोन पदराखाली धरला होता.

दिवेलागणीच्या तोंडावर आई एकदम उठल्या. खुंटीवरून झाडू काढला. मी म्हटलं, आई, आता झाडू नका, दिवे लागायची वेळ झाली. त्या म्हणाल्या, "तो उना. घागर भर आते. तहान लागनी व्हई त्याले."

ते आले म्हणत होत्या. मी फोन पाहिला. सहा एकवीस. मेसेज वगैरे काही नव्हता.

त्यांनी सगळं घर झाडलं, आतून बाहेर. मी सुपली धरली. नऊ दिवसांची धूळ होती, आपल्या मातीची, काळी. उंबऱ्यापासून घागरीच्या जागेपर्यंतचा पट्टा झाडताना झाडूखाली वेगळा आवाज आला, खर खर. सुपलीत पांढरं पडलं. मी बोटांनी उचललं. वाळू होती, जाड, पांढरीशुभ्र, ओली. त्यात नखाएवढा शिंपल्याचा तुकडा. जितेंद्रने पाठवलेल्या फोटोत ओनाकीच्या किनाऱ्यावर जशी दिसते तशी. त्यांची बॅग जळगावला पलंगाखाली आहे, सील तसंच आहे. या घरात समुद्राची वाळू कुठून येणार?

आईंनी ती पाहिली. सुपलीवरून हात फिरवला, जसा लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवतात. आणि मग त्या रडल्या, नाना. पंचेचाळीस दिवसांचं सगळं रडल्या. मीही रडले. त्यांनीच मला जवळ घेतलं, तुझी चूक नाही म्हणाल्या, आणि ते ऐकायला मी किती आसुसले होते ते मला तेव्हा कळलं.

घागर मी भरली. वर मडकं, खरबूज, दोन आंबे. त्यांचं नाव घेऊन आगारी टाकली. पाणी हललं, तेवढं मी पाहिलं, आणि पुढे काही लिहीत नाही.

चिमूटभर वाळू पुडीत बांधून सोबत पाठवतेय. अजून वाळलेली नाही, म्हणून पाकीट ओलसर लागेल. तक्ता तुम्ही फाडला नसणार, मला माहीत आहे. पाचवी रेघ पूर्ण करा. पुढच्या पत्रात माझ्या नावामागे 'सौ.' लिहू नका.

जितेंद्र पोचले. या वेळी मी डोळ्यांनी पाहून कळवतेय.

तुमची,
मेघा